एमआरआयचं ‘डाय’ रक्तात किती वेळ थांबावं?

गेल्या महिन्यात माझ्या लालबागच्या मावशीचा डोक्याचा एमआरआय ठरला. चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘विथ काँट्रास्ट’ लिहिलं होतं, म्हणजे चित्र ठळक यावं म्हणून टोचायचं औषध, ज्याला सगळे ‘डाय’ म्हणतात. आणि नेमका त्याच संध्याकाळी तिच्या चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज येऊन आदळला. एमआरआयच्या डायमध्ये धातू असतो, तो मेंदूत साठून राहतो, परदेशात आता ‘नॅनो डाय’ निघालंय, तेच मागून घ्या. मावशीने लगेच फोन लावला. “अगं, तू केमिस्ट्री शिकवतेस ना? खरं आहे का हे? आणि ते नॅनोवालं परळला मिळतं का?”

नाही मिळत. पॉलिमरच्या नॅनोकणांचं डाय अजून रोजच्या तपासणीत आलेलंच नाही. पण धातूबद्दलचं वाक्य थाप म्हणून उडवून लावण्यासारखं नव्हतं, आणि या नॅनोकणांवर जगभर खरोखरच मोठं काम चाललंय. त्या रात्री मावशीशी तासभर जे बोलले ते इथे मांडते आहे. तिने मध्येच अडवून विचारलेले प्रश्नही तसेच ठेवलेत, कारण ते कुणालाही पडतील असेच होते.

यंत्र नेमकं काय बघतं?

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात. यंत्र बघतं ते आपल्या अंगातलं पाणी. शरीराचा साधारण ६० टक्के भाग पाण्याचा, पाण्याच्या दर रेणूत हायड्रोजनचे दोन अणू, आणि त्या अणूचा गाभा, म्हणजे प्रोटॉन, चिमुकल्या लोहचुंबकासारखा वागतो. माणूस यंत्रात सरकला की हे अब्जावधी चुंबक मोठ्या चुंबकाच्या दिशेला कलतात. यंत्राचा चुंबक बहुधा १.५ किंवा ३ टेस्लाचा असतो. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त. २०१८ साली मुंबईतल्याच एका रुग्णालयात एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचं सिलिंडर नेल्यामुळे एका तरुणाचा जीव गेला, ते अनेकांना आठवत असेल. तपासणी चालू नसली तरी चुंबक चालूच असतो. म्हणून दारावर किल्ली, घड्याळ, मोबाइल काढून घेतात.

मग यंत्र रेडिओलहरीचा एक ठोका देतं. १.५ टेस्लाला ही लहर सुमारे ६४ मेगाहर्ट्झची, म्हणजे आपल्या एफएम स्टेशनांच्या थोडी खाली. त्या ठोक्याने प्रोटॉन तिरपे होतात आणि ठोका थांबला की पुन्हा सरळ होऊ लागतात. लोकल सुटताना गचका बसतो तेव्हा काय होतं ते डोळ्यांपुढे आणा. हँडल धरलेला माणूस क्षणात सावरतो, आधाराविना उभा असलेला हेलकावे खात राहतो. प्रोटॉनचंही तसंच. चरबीतले प्रोटॉन साधारण पाव सेकंदात सावरतात, मेंदूभोवतीच्या पाण्यातल्यांना चारेक सेकंद लागतात. सावरण्याच्या वेळेतल्या या फरकातूनच फिल्मवरचं काळं-पांढरं उमटतं. ही युक्ती पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली मांडली. पुढे २००३ मध्ये त्यांना आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना नोबेल मिळालं.

अडचण अशी की गाठ आणि तिच्या शेजारची निरोगी पेशी पुष्कळदा सारख्याच वेळात सावरतात. मग गाठ असूनही दिसत नाही. तिथे काँट्रास्ट लागतं.

‘डाय’ म्हणतात, पण त्यात रंग नसतो

मावशीला वाटत होतं, निळं-जांभळं काहीतरी टोचणार. प्रत्यक्षात ती बाटली पाण्यासारखी स्वच्छ असते. आत असतो गॅडोलिनियम नावाचा धातू, विरघळलेल्या रूपात. त्याच्याजवळ जोडीदार नसलेले सात इलेक्ट्रॉन असतात, आणि एकट्या इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व प्रोटॉनच्या सुमारे साडेसहाशे पट. त्यामुळे गॅडोलिनियमला टेकून गेलेलं पाणी झटकन सावरतं. डब्यात मध्येच कुणीतरी हँडल लावून द्यावीत तसं. फिल्मवर जे चकाकतं ते गॅडोलिनियम नव्हे, त्याच्या आसपासचं पाणी.

निरोगी मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की हे औषध पलीकडे जात नाही. गाठीने किंवा संसर्गाने भिंत फुटली असेल तिथेच ते पाझरतं आणि तेवढीच जागा उजळते. डोक्याच्या एमआरआयला काँट्रास्ट मागतात ते यासाठी.

सुटं गॅडोलिनियम मात्र विषारी आहे. त्याच्या आयनाचं आकारमान कॅल्शियमच्या आयनाजवळ जाणारं असल्यामुळे शरीर फसतं आणि कॅल्शियमची कामं अडतात. म्हणून त्याला एका सेंद्रिय रेणूच्या पिंजऱ्यात बंद करून देतात. असं पहिलं औषध अमेरिकेत १९८८ साली मंजूर झालं. नेहमीच्या डोसप्रमाणे ६० किलोच्या माणसाला साधारण १२ मिलिलिटर देतात आणि त्यात गॅडोलिनियम भरतं एक ग्रॅमच्या किंचित आत. मूत्रपिंडं ठीक असतील तर दीडेक तासात रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं आणि दिवसाभरात बहुतेक सगळं लघवीवाटे निघून जातं.

एक गोंधळ इथेच मिटवते. सीटी स्कॅनचं डाय वेगळं, त्यात आयोडीन असतं. ‘मला डायची ॲलर्जी आहे’ एवढंच सांगून भागत नाही, कुठल्या तपासणीच्या डायची, तेही सांगायला हवं.

“मग मेंदूत साठतो ते खोटं ना?”

नाही, मावशी. बहुतेक सगळं निघून जातं, अगदी सगळं जात नाही.

१९९७ पासून डॉक्टरांना काही रुग्णांत एक विचित्र आजार दिसू लागला. कातडी कडक व्हायची, सांधे आखडायचे, माणूस चालेनासा व्हायचा. सगळ्यांची मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झालेली. त्याचा धागा गॅडोलिनियमपर्यंत पोचायला २००६ साल उजाडलं. मूत्रपिंडं काम करत नव्हती म्हणून औषध दिवसच्या दिवस अंगात राहत होतं आणि तेवढ्या वेळात पिंजऱ्यातून धातू निसटत होता.

पिंजरे दोन तऱ्हेचे असतात. एक उघड्या साखळीचा, चिमट्यात धरल्यासारखा. दुसरा बंद कड्याचा, फिरकीचं झाकण लावलेल्या डब्यासारखा. बहुतेक त्रास चिमटेवाल्यांकडून झाला होता. मूत्रपिंडाची तपासणी आधी करण्याचा रिवाज पडला, डबेवाली औषधं वाढली आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

मग २०१४ मध्ये जपानी रेडिओलॉजिस्टांनी दाखवलं, की पुन्हा पुन्हा काँट्रास्ट घेतलेल्यांच्या मेंदूत, मूत्रपिंडं चांगली असूनही, काही ठिकाणं साध्या एमआरआयमध्येही उजळ दिसतात. तिथे गॅडोलिनियमचा अंश राहिला होता. यातही चिमटेवाली औषधं पुढे. २०१७ मध्ये युरोपने त्यांतल्या बऱ्याच औषधांचा वापर थांबवला, तर अमेरिकेने ती चालू ठेवून इशारा छापायला लावला. त्या साठ्याने मेंदूचा आजार झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. तरीही पुढच्या औषधाचा शोध घेणारा शास्त्रज्ञ ही गोष्ट नजरेआड करू शकत नाही, आणि त्याने करूही नये.

छोट्या रेणूची घाई

आता पॉलिमर कुठे येतो ते बघू. या विषयातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे, म्हणून जरा रेंगाळते.

गॅडोलिनियमचा पिंजरा फार छोटा, एक नॅनोमीटरच्या आसपास. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड, यावरून अंदाज करा. इतकी छोटी वस्तू रक्तात शांत राहत नाही, सेकंदाला अब्जावधी गिरक्या घेत भिरभिरते. इकडे १.५ टेस्लाच्या यंत्रातला प्रोटॉन सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा झुलतो. झोक्यावर बसलेल्या मुलाला ढकलताना आपण झोक्याचा ताल बघतो. ताल सोडून कुणी सेकंदाला शंभर चापट्या मारत राहिलं, तर झोका हलणार नाही. छोट्या पिंजऱ्याचं हेच होतं. सात इलेक्ट्रॉनांचा जोर आहे, पण ताल जुळत नाही, आणि बराचसा जोर फुकट जातो.

उपाय काय? पिंजऱ्याला जड करा. जड वस्तू सावकाश गिरक्या घेते, तिचा ताल प्रोटॉनच्या जवळ येतो आणि तेवढंच गॅडोलिनियम काही पट जास्त पाणी सावरतं. जड करण्याचा सगळ्यात सोयीचा मार्ग म्हणजे पॉलिमर.

पॉलिमर म्हणजे गजरा समजा. एकसारखी फुलं दोऱ्यात एकामागून एक ओवलेली, तशी एकसारख्या छोट्या रेणूंची लांब माळ. मोगऱ्याच्या गजऱ्यात मध्ये मध्ये अबोली ओवतात तसे माळेत ठिकठिकाणी गॅडोलिनियमचे पिंजरे ओवायचे. हा गजरा अंबाड्याभोवती गुंडाळतात तसा स्वतःभोवती गुंडाळला गेला की झाला नॅनोकण. १०, ५०, १०० नॅनोमीटर, जसा हवा तसा. मावशीला नॅनो म्हटलं की टाटांची गाडी आठवते, म्हणून तिला दुधाचं उदाहरण दिलं. दूध पांढरं दिसतं ते बरंचसं त्यातल्या केसिन या प्रथिनाच्या पुंजक्यांमुळे, आणि ते पुंजके सरासरी १५० नॅनोमीटरच्या आसपास असतात. नॅनोकण आपण चहात रोज घालतो.

पण गजरा बांधण्यातही कसब आहे. अबोलीचं फूल लांब, सैल दोऱ्याने लोंबतं ठेवलं, तर गजरा सावकाश फिरेल आणि फूल मात्र आपलं भिरभिरतच राहील, म्हणजे सगळी मेहनत वाया. फूल आवळून बांधावं लागतं. आवळून अगदी आत, गाभ्यात दडपलं, तर पाणी त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि पाणी टेकल्याशिवाय उजेड नाही. घट्ट हवं, पण पाण्याला वाट हवी. पॉलिमर रसायनातली वर्षानुवर्षांची मेहनत या एका वाक्यात आहे. शिवाय हा तालाचा फायदा १.५ टेस्लाला चांगला मिळतो, चुंबक जसा ताकदवान होत जातो तसा तो ओसरतो.

चाळणीतून न पडणारा कण

दुसरा फायदा आकाराचा. मूत्रपिंडाच्या चाळणीतून साधारण पाच-सहा नॅनोमीटरपर्यंतच्या वस्तू सहज पडतात. छोटा पिंजरा पडतो, ५० नॅनोमीटरचा कण पडत नाही. तो रक्तात तासन् तास फिरत राहतो. रक्तवाहिन्यांचं चित्र घ्यायचं असेल तर घाई उरत नाही.

गाठीच्या बाबतीत आणखी एक आशा असते. कर्करोगाची गाठ घाईघाईने रक्तवाहिन्या बांधते, त्यामुळे त्या गळक्या असतात, आणि आलेला द्रव वाहून नेणारी गटारंही धड नसतात. पावसाळ्यात हिंदमाताला काय होतं ते परळ-दादरच्या माणसाला सांगायला नको. पाणी चहूकडून येतं, निचरा होत नाही, साचून राहतं. नॅनोकणही गाठीत तसे साचावेत, ही कल्पना मात्सुमुरा आणि माएदा या जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये मांडली आणि तिच्यावर पुढे हजारो संशोधनं उभी राहिली.

उंदरांच्या गाठींत ती छान चालते. माणसाच्या गाठी मात्र एकसारख्या नसतात, काही गळक्या, काही घट्ट. २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचलेल्या वाट्याचा मध्यक निघाला फक्त ०.७ टक्का. बाकीचे मुख्यतः यकृत आणि प्लीहेतल्या साफसफाई करणाऱ्या पेशी गिळतात. एका कणावर शेकडो पिंजरे असल्यामुळे चित्रापुरतं कधी कधी तेवढंही पुरतं, पण ‘नॅनोकण थेट कर्करोगावर जाऊन बसतात’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर हा आकडा आठवावा.

“जास्त वेळ थांबणार, म्हणजे जास्तच साठणार की!”

मावशीचा हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला. सातवी शिकलेल्या बाईने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

औषध जितकं थांबेल तितकं चित्र चांगलं, आणि जितकं थांबेल तितका पिंजऱ्यातून धातू सुटण्याचा धोका. त्या कातडीच्या आजाराने हेच शिकवलं होतं. गॅडोलिनियम लावलेला मोठा कण यकृतात आठवडेच्या आठवडे पडून राहिला, तर आपण जुनंच संकट नव्या पुडीत बांधून आणलं असं होईल. माझ्या मते पॉलिमर नॅनोकणांच्या कुठल्याही बातमीत आधी हेच शोधावं: कण बाहेर कसा पडतो? चित्र किती सुंदर आलं ते नंतर.

यावर दोन वाटा आहेत. पहिली, गजऱ्याचा दोराच असा निवडायचा की काम झाल्यावर तो शरीरातच तुटेल. कण विस्कटतो, छोटे तुकडे होतात आणि ते मूत्रपिंडाच्या चाळणीतून निघून जातात. दोरा लवकर तुटला तर चित्र नाही, उशिरा तुटला तर साठा. त्याची वेळ जमवणं हेच खरं काम.

दुसरी वाट, धातूच काढून टाकायची.

“पण रक्तात प्लास्टिक सोडायचं?”

मायक्रोप्लास्टिकच्या बातम्या वाचून हा प्रश्न येणारच. प्लास्टिक हे पॉलिमर असतं, पण प्रत्येक पॉलिमर प्लास्टिक नसतं. कापूस पॉलिमर आहे, साबुदाण्यातला स्टार्च आहे, आपला डीएनए आहे. ऑपरेशननंतर आपोआप विरघळणारे टाके ज्या जातीच्या पॉलिमरचे असतात, त्यांचे नॅनोकण बनवता येतात. ते शरीरात तुटून लॅक्टिक आम्लासारखे ओळखीचे पदार्थ होतात. प्रोस्टेटच्या कर्करोगात महिन्याने घेण्याच्या काही इंजेक्शनांत याच जातीच्या पॉलिमरचे, पण नॅनोपेक्षा बरेच मोठे, कण अमेरिकेत १९८९ पासून वापरात आहेत. कणावर साफसफाईच्या पेशींची नजर पडू नये म्हणून पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं अस्तर देतात. कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायला जी पावडर पाण्यातून पितात, ती हीच. तरी काहींच्या रक्तात या अस्तराविरुद्धही प्रतिपिंडं सापडतात. तेव्हा ‘ओळखीचा पदार्थ’ म्हणजे ‘तपासायची गरज नाही’ असं धरता येत नाही.

धातूशिवाय जमतं का?

जमवायचा प्रयत्न चाललाय. नायट्रॉक्साइड नावाचे सेंद्रिय रेणू असतात, त्यांच्याजवळ एक सुटा इलेक्ट्रॉन असतो. गॅडोलिनियमचे सात, याचा एकच, त्यामुळे जोर बेताचा. त्यात आपल्या अंगातलं क जीवनसत्त्व त्याला काही मिनिटांत निकामी करतं. इथे पॉलिमर नुसतं ओझं राहत नाही, चिलखत होतो. एकेका कणावर असे पुष्कळ रेणू बसवायचे, म्हणजे संख्येने जोर भरून निघतो, आणि त्यांच्याभोवती पॉलिमरच्या दाट केसांचं कुंपण घालायचं. अमेरिकेतल्या एमआयटीत जेरमाया जॉन्सन यांच्या गटाने २०१४ मध्ये असे कण उंदरांत वापरून दाखवले. त्यांनी सोबत एक चमकणारा रंगही बांधला होता. नायट्रॉक्साइड शाबूत असेपर्यंत एमआरआयमध्ये उजेड आणि रंग दबलेला, क जीवनसत्त्वाने नायट्रॉक्साइड संपवलं की एमआरआयचा उजेड जातो आणि रंग चमकू लागतो. म्हणजे कण कुठे आहे एवढंच नाही, तिथलं रसायन कसं आहे तेही कळतं. मला हे फार सुंदर वाटतं.

लोहाचाही मार्ग आहे. डेक्स्ट्रान या साखरेच्या माळेत गुंडाळलेले लोहाच्या ऑक्साइडचे कण अमेरिकेत १९९६ मध्ये यकृताच्या एमआरआयसाठी मंजूर झाले होते. पण ते जागा उजळवत नाहीत, काळी करतात, आणि काळा ठिपका गाठीचा, साकळलेल्या रक्ताचा की हवेचा, हा घोळ होतो. ते औषध पुढे बाजारातून गेलं.

धातू टाळण्यामागे आणखी दोन कारणं आहेत. लघवीवाटे गेलेलं गॅडोलिनियम सांडपाणी केंद्रात अडत नाही. जर्मनीतल्या नद्यांत ते १९९६ मध्येच मोजलं गेलं होतं. आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनने ज्या दुर्मीळ धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, त्यांत गॅडोलिनियमही आहे.

मग परळला का मिळत नाही?

कारण डाय हे उपचाराचं औषध नाही. कर्करोगाच्या औषधाचे दुष्परिणाम आपण सोसतो, कारण पुढे मरण दिसत असतं. डाय पुष्कळदा अशांना टोचतात ज्यांना शेवटी काहीच निघत नाही. तिथे सुरक्षिततेची पट्टी फार वर असते आणि ती असायलाच हवी. त्यात दर खेपेला कणाचा आकार, पिंजऱ्यांची संख्या, दोरा तुटायची वेळ अगदी तीच यायला लागते. आणि दरम्यान छोटे रेणूही सुधारले. २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं गॅडोपिक्लेनॉल निम्म्या डोसात काम करतं. नव्या औषधाला या सुधारलेल्या जुन्याशी टक्कर द्यावी लागते.

मला वाटतं, नॅनोकणांचा पहिला खरा उपयोग थकलेल्या मूत्रपिंडांच्या लोकांना व्हावा, धातूशिवायच्या कणांच्या रूपाने. मधुमेहाने मूत्रपिंडं दमलेली माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि आज त्यांनाच काँट्रास्ट देताना डॉक्टरांचा हात अडतो.

“मग मी उद्या काय करू?”

काँट्रास्ट घ्यायचं, मावशी. डॉक्टरांनी कारण असल्याशिवाय लिहिलेलं नाही, आणि नॅनोची वाट बघत तपासणी लांबवली तर नुकसान तुझंच. क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालताहेत ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट बरोबर ने. आधी कुठल्या इंजेक्शनने पुरळ आलं असेल, दम लागला असेल तर फॉर्म भरतानाच सांग. घरात कुणी गरोदर असेल आणि तिचा एमआरआय असेल, तर तिने ते आधी सांगायलाच हवं. आणि बिचकू नको, विचार: औषध बंद कड्याच्या पिंजऱ्याचं आहे ना?

तिने विचारलं. तिथल्या मुलाने बाटली तिच्या हातात दिली, लेबल वाचून दाखवलं, आणि “हो आजी, बंद कड्याचंच” म्हणाला. दंडात गार गार गेल्यासारखं वाटलं, एवढंच तिने मला सांगितलं. घरी आल्यावर मी तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर औषधाचं नाव, किती मिलिलिटर दिलं ते आणि तारीख लिहून ठेवली, म्हणजे पुढच्या स्कॅनच्या वेळी पुन्हा शोधाशोध नको.